जिफ, जेपेग, पीएनजी : एका निवडीचा इतिहास

गेल्या वर्षी एका लहानशा वाङ्मयीन मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे संकेतस्थळावर चढवण्याचे काम माझ्याकडे आले. अंक पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे. बहुतेक मुखपृष्ठे दोन किंवा तीन रंगांत छापलेली; जाड रेषांची चित्रे आणि चित्रकाराने हाताने काढलेली ठसठशीत अक्षरे. ज्या गृहस्थांनी ती स्कॅन केली होती त्यांनी सगळी चित्रे जेपेगमध्ये साठवली होती, आणि फाइल लहान व्हावी म्हणून बरीच दाबूनही घेतली होती. पडद्यावर पाहिले तेव्हा शिरोरेषांच्या भोवती राख भुरभुरावी तसे करडे ठिपके दिसले. 'अंक' या शब्दावरचा बिंदू अनुस्वार आहे की डाग, हे सांगता येईना. मी म्हटले, "ही पीएनजीत ठेवायला हवी होती." त्यावर त्यांनी विचारले, "अहो, चित्र ते चित्र. त्याला इतके प्रकार हवेत कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचे अर्धे उत्तर गणितात आहे आणि ते सहसा सांगितले जाते : छायाचित्राला जेपेग, रेषाचित्राला पीएनजी, हलत्या चित्राला जिफ. उरलेले अर्धे उत्तर इतिहासात आहे. हे तीन प्रकार असेच का, आणि त्यातला पीएनजी जन्मालाच का आला, हे पाहिले तर ही निवड केवळ तांत्रिक नव्हती असे ध्यानात येते.

जिफची जन्मतारीख १५ जून १९८७. तेव्हा आजच्या अर्थाने आंतरजाल लोकांपर्यंत पोहोचलेले नव्हते. अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह नावाची कंपनी दूरध्वनीच्या तारेवरून संगणकधारकांना बातम्या, हवामानाचे नकाशे, पत्रव्यवहार अशा सेवा पुरवीत असे. तारेचा वेग अत्यंत मंद आणि ग्राहकांचे संगणक वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकच रंगीत चित्र सर्वांना दिसावे आणि ते उतरवताना ग्राहकाचा जीव मेटाकुटीला येऊ नये, अशी दुहेरी गरज होती. स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या अभियंत्यांनी जो फॉरमॅट रचला तो हा. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. प्रत्येक पिक्सेलसाठी रंगाचे पूर्ण वर्णन न देता रंगांच्या यादीतला केवळ क्रमांक द्यायचा. आणि त्या क्रमांकांची मालिका आणखी आटोपशीर करून पाठवायची.

हे आटोपशीर करण्याचे तंत्र समजायला भजनाचे पुस्तक उघडावे. ध्रुपद पहिल्यांदा पूर्ण छापलेले असते. पुढे प्रत्येक कडव्याअखेर नुसते '॥धृ.॥'. वाचणाऱ्याला तेवढ्याने सगळी ओळ आठवते. जिफमध्ये हेच होते, फक्त ध्रुपदे आधी ठरलेली नसतात. चित्र वाचता वाचता रंगांची जी जी नवी लड दिसेल ती कोशात नोंदवली जाते, आणि तीच लड पुन्हा आली की तिचा क्रमांक तेवढा लिहिला जातो. यातली खरी हुशारी अशी की कोश सोबत पाठवावा लागत नाही. उलगडणारा संगणक त्याच नियमाने वाचत जातो आणि तोच कोश पुन्हा आपल्यापाशी रचतो. सपाट रंगांच्या चित्रात लांबच लांब लडी पुनःपुन्हा येतात, म्हणून फाइल कमालीची लहान होते आणि तरीही एकही पिक्सेल बदलत नाही.

या तंत्राचे मूळ इस्रायलमधील याकोब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांच्या १९७७ आणि १९७८ मधील दोन शोधनिबंधांत आहे. दुसऱ्या निबंधातील कल्पनेला टेरी वेल्च या अमेरिकी संशोधकाने सुटसुटीत आणि वेगवान रूप दिले आणि जून १९८४ मध्ये एका संगणकविषयक नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला एलझेडडब्ल्यू हे नाव पडले. लेख वाचून अनेकांनी ते वापरले. कॉम्प्युसर्व्हच्या अभियंत्यांनीही वापरले. मात्र वेल्च ज्या स्पेरी कंपनीत काम करीत होते तिने लेखाच्या वर्षभर आधी, २० जून १९८३ रोजी, या तंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला होता. १० डिसेंबर १९८५ रोजी पेटंट मंजूर झाले. पुढच्याच वर्षी स्पेरी आणि बरोज या कंपन्या एकत्र येऊन युनिसिस ही कंपनी झाली आणि पेटंट तिच्याकडे गेले. जिफ जन्मला तेव्हा त्याच्या पोटातले यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे होते, आणि पुढची काही वर्षे याची वाच्यता झाली नाही.

त्याच सुमारास दुसरीकडे छायाचित्रांचा प्रश्न हाताळला जात होता. छायाचित्रात सपाट रंग नसतो. गालावरच्या उजेडातदेखील शेकडो छटा असतात. लडी पुन्हा येतच नाहीत आणि ध्रुपदाची युक्ती चालत नाही. तिथे दुसरा मार्ग घ्यावा लागतो : डोळ्याला जे जाणवणार नाही ते टाकून द्यायचे. या मार्गाचा गणिती पाया रचणाऱ्यांत नासिर अहमद यांचे नाव अग्रभागी आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले आणि तिथेच अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अहमद पुढे अमेरिकेत कॅन्सस येथे प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. तरीही काम झाले, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी तो निबंध प्रसिद्ध केला. आज जगातल्या बहुतेक छायाचित्रांत आणि चलच्चित्रांत त्या निबंधातले गणित कोणत्या ना कोणत्या रूपात काम करीत असते.

१९८६ मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञसमितीने त्याच गणितावर आपले मानक उभे केले. १९९२ मध्ये ते मान्य झाले आणि समितीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला जेपेग म्हणू लागले. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोन हा ६४ ठरावीक लहरींचे मिश्रण आहे असे मानून कोणती लहर किती, हे मोजतो. आणि ज्या बारीक लहरी डोळ्याला फारशा जाणवत नाहीत त्यांची मापे ढोबळ करून टाकतो. ढगाला, चेहऱ्याला, डोंगराला हे मानवते. अक्षराला मात्र मानवत नाही. शिरोरेषेची कडा म्हणजे पांढऱ्यावरून काळ्यावर एकदम मारलेली उडी; ती उडी नेमकी त्या बारीक लहरींनीच घडते. त्या काढून घेतल्या की उरलेल्या लहरी कडेच्या दोन्ही बाजूंना हेलकावत राहतात. आमच्या मुखपृष्ठांवरची राख म्हणजे हेच हेलकावे. शिवाय चित्र उघडून, बदलून पुन्हा जेपेगमध्ये साठवले की झीज आणखी वाढते.

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मोझेइक या ब्राउझरने मजकुराच्या पोटातच चित्र दाखवायला सुरुवात केली. सुरुवातीला अशी रंगीत चित्रे म्हणजे जिफच असत; जेपेग उघडायला निराळा प्रोग्राम लागे. नेटस्केपच्या काळात जेपेगही पानात आला. अशा रीतीने दोन प्रकारांत कामाची वाटणी झाली आणि ती स्वाभाविक वाटू लागली : छायाचित्र असेल तर जेपेग, बाकी सगळे जिफ.

ही घडी डिसेंबर १९९४ च्या अखेरीस विस्कटली. नाताळच्या सुट्ट्यांत कॉम्प्युसर्व्ह आणि युनिसिस यांनी जाहीर केले, की जिफ वाचणारे किंवा लिहिणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी यापुढे पेटंटचा परवाना घ्यावा आणि शुल्क भरावे. कायद्याच्या दृष्टीने युनिसिसचा हक्क खोटा नव्हता. शोध खरा होता, पेटंटही रीतसर होते. १९९५ च्या आरंभी कंपनीने बिगर-व्यावसायिक सॉफ्टवेअरला सूट असल्याचा खुलासाही केला. तरीही लोकांचा संताप समजण्यासारखा होता. साडेसात वर्षे जो रस्ता सार्वजनिक म्हणून सगळे वापरत होते, ज्याच्या दोन्ही बाजूंना घरे आणि दुकाने उभी राहिली होती, त्यावर अचानक जकातनाका बसला होता. वेल्च यांना तर हे पाहावेही लागले नाही. ते १९८८ मध्येच वारले होते.

संतापातून बहुधा निषेधाची पत्रके निघतात. या वेळी मात्र एक मानक निघाले. ४ जानेवारी १९९५ रोजी टॉमस बाउटेल यांनी युजनेटवरच्या चित्रविषयक चर्चागटात नव्या, पेटंटमुक्त फॉरमॅटचा कच्चा आराखडा मांडला. जगभरातून सूचनांचा पाऊस पडला. जेपेगचे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे टॉम लेन, संकोचनाच्या तंत्रातले जाणकार जाँ-लू गाई आणि मार्क अ‍ॅडलर अशी माणसे आपापल्या नोकऱ्या सांभाळून त्यात उतरली. यांतले बहुतेक एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलेही नव्हते. दोन-अडीच महिन्यांत आराखड्याचा गाभा पक्का झाला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने पीएनजीला आपली अधिकृत शिफारस दिली.

पीएनजीची रचना वाचताना जाणवते ती तिच्यातली सावधगिरी. संकोचनासाठी झिव-लेम्पेल यांच्या १९७७ च्या पहिल्या निबंधातली कल्पना आणि डेव्हिड हफमन यांचे १९५२ सालचे संकेतन यांचा मेळ घेतला; झिप फाइलींमध्ये रुळलेले हे तंत्र पेटंटच्या कचाट्यात न सापडता वापरता येत होते. संकोचनाआधी प्रत्येक पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून किती अदमासता येतो ते पाहून फक्त फरक नोंदवायचा, ही त्यांची भर. त्यामुळे फाइल पुष्कळदा जिफपेक्षाही लहान होते. रंगांची मर्यादा २५६ वरून १ कोटी ६७ लाखांवर आणि त्याही पलीकडे गेली. जिफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक असतो किंवा अजिबात नसतो. पीएनजीत पारदर्शकतेच्याही २५६ पायऱ्या आल्या. फाइलीचे पहिले आठ बाइटसुद्धा विचारपूर्वक ठरवलेले आहेत. पहिला आकडा १३७, म्हणजे सात बिटांच्या जुन्या वाहिनीतून जाताना तो बिघडतो आणि बिघाड तिथल्या तिथे उघड होतो. पुढे ओळ संपल्याच्या दोन निरनिराळ्या खुणा आहेत, म्हणजे वाटेत एखाद्या संगणकाने त्या परस्पर बदलल्या तर तेही पहिल्याच तपासणीत कळते.

एवढे सगळे असूनही जिफ मागे हटला नाही. याची कारणे दोन, आणि दोन्ही बोधप्रद आहेत. पहिले कारण त्या मंडळींनीच ठरवलेले होते. एका फाइलीत एकच चित्र, हे त्यांनी तत्त्व म्हणून स्वीकारले आणि हलत्या चित्रांसाठी वेगळा फॉरमॅट योजला. तो कधी रुजला नाही. तिकडे नेटस्केपने आपल्या दुसऱ्या आवृत्तीपासून हलते जिफ दाखवायला सुरुवात केली आणि लोक त्यांत रंगून गेले. दुसरे कारण त्यांच्या हाताबाहेरचे होते. इंटरनेट एक्सप्लोरर हा तेव्हाचा सर्वांत प्रचलित ब्राउझर पीएनजी दाखवी, पण त्याची पायऱ्यापायऱ्यांची पारदर्शकता त्याला झेपत नसे. पारदर्शक असायला हवे तिथे करडा चौकोन दिसे. ही उणीव ऑक्टोबर २००६ मध्ये सातव्या आवृत्तीत दूर झाली, म्हणजे शिफारस होऊन तब्बल दहा वर्षांनी.

त्या दहा वर्षांत आपल्याकडे काय चालले होते, याची आठवण येथे अप्रस्तुत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या संगणकांवर ती दिसत नव्हती. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० बरोबर आली. तोवर मराठी संकेतस्थळे एक तर स्वतःचा खास फाँट उतरवून घ्यायला लावत, किंवा शीर्षके, कविता, कधी कधी संपूर्ण लेखच जिफचे चित्र करून पानावर डकवत. मराठी वाचायला मिळण्याचा तो एक खात्रीचा मार्ग होता आणि ज्यांनी तो अवलंबला त्यांचे आपल्यावर ऋण आहे. पण त्या चित्रांतली अक्षरे ही अक्षरे नव्हतीच. शोधयंत्राला ती वाचता येत नसत, कुणाला त्यांतली ओळ उचलून घेता येत नसे, आणि अंध वाचकाच्या संगणकाला तिथे काहीच नसे. त्यांतली कितीतरी पाने पुढे संकेतस्थळांबरोबर गेली. मजकूर म्हणून ती शोधात येतच नव्हती, म्हणून ती गेल्याचेही कळले नाही.

इकडे पेटंटचे प्रकरण चिघळतच होते. १९९९ मध्ये युनिसिसने मुक्त सॉफ्टवेअरला दिलेली सूट काढून घेतली आणि परवाना नसलेल्या सॉफ्टवेअरने बनवलेली जिफ वापरणाऱ्या संकेतस्थळांकडून ५,००० डॉलर किंवा त्याहून अधिक शुल्काची अपेक्षा धरली. त्याला उत्तर म्हणून ५ नोव्हेंबर १९९९ हा दिवस 'सगळी जिफ जाळा' म्हणून पाळायचे आवाहन झाले. अखेर ज्या गोष्टीने प्रश्न सोडवला ती म्हणजे काळ. अमेरिकेतले पेटंट २० जून २००३ रोजी संपले, युरोप, जपान आणि कॅनडातील २००४ मध्ये. याच तंत्रावर आयबीएमचेही एक पेटंट होते; ते ऑगस्ट २००६ मध्ये संपले.

जेपेगच्या नशिबातही हे चुकले नाही. प्राथमिक स्वरूपातले जेपेग कोणालाही शुल्काविना वापरता यावे असा समितीचा प्रयत्न होता. मानकात ऐच्छिक म्हणून दिलेली एक अधिक कार्यक्षम संकेतनपद्धत तर पेटंटच्या धास्तीने सगळ्यांनी टाळली. तरी २००२ मध्ये टेक्सासमधील फॉर्जेंट या कंपनीने आपल्या ताब्यात आलेल्या १९८७ च्या पेटंटच्या आधारे जेपेगवर हक्क सांगितला. तिने दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम परवान्यांपोटी गोळा केली आणि २००४ मध्ये ३१ कंपन्यांवर दावे लावले. २००६ मध्ये फेरतपासणीत अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्यातले १९ हक्क अग्राह्य ठरवले, आणि त्याच वर्षअखेरीस ८० लाख डॉलरवर तडजोड होऊन प्रकरण मिटले.

हा इतिहास संपला असे म्हणता येत नाही. २०१० मध्ये गूगलने वेबपी आणला. तो सफारीने स्वीकारेपर्यंत २०२० उजाडले. २०१७ पासून आयफोन ज्या स्वरूपात छायाचित्रे साठवू लागला त्याच्या पोटातल्या तंत्रावर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत. सफारी सोडता प्रमुख ब्राउझरांनी तो पानांत घेतला नाही. २०१९ चा एव्हीआयएफ मात्र शुल्कमुक्त राहावा या उद्देशानेच अनेक कंपन्यांनी मिळून घडवला. पंचवीस वर्षांपूर्वीचा धडा तिथे गिरवलेला दिसतो. जेपेग एक्सएल हा गुणांनी सरस म्हणून वाखाणला गेलेला फॉरमॅट क्रोमने २०२२ मध्ये वगळायचे ठरवले आणि सफारीने २०२३ मध्ये स्वीकारला. आणि पीएनजीच्या जून २०२५ मधील तिसऱ्या आवृत्तीत हलती चित्रे अधिकृतपणे समाविष्ट झाली. १९९५ मध्ये तत्त्व म्हणून नाकारलेली गोष्ट तीस वर्षांनी मान्य झाली.

तेव्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर तीन प्रश्नांनी द्यावे लागते. चित्र कोणत्या जातीचे आहे? छटांचे असेल तर जेपेग, किंवा आता वेबपी वा एव्हीआयएफ. रेषा, अक्षरे, सपाट रंग यांचे असेल तर पीएनजी. पाहणाऱ्याच्या हातात काय आहे? नवा प्रकार द्यायचा तर ज्याला तो उघडता येत नाही त्याच्यासाठी जुनाही ठेवावा, आणि मूळ प्रत तर कधीही झीज न होणाऱ्या स्वरूपातच जपावी. तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही : उद्या या स्वरूपाला कुलूप लावण्याचा हक्क कोणाकडे आहे? पहिल्या दोन प्रश्नांत चूक झाली तर एक चित्र बिघडते. तिसऱ्यात झाली तर सवय लागून गेलेल्या हजारो लोकांना एका सकाळी जकातनाका दिसतो.

आम्ही ती मुखपृष्ठे पुन्हा स्कॅन केली. नुसते पीएनजीत साठवून काम भागले नाही. पिवळ्या पडलेल्या कागदाचा पोत प्रत्येक पिक्सेलला निराळी छटा देतो आणि फाइल अवाढव्य होते. म्हणून मूळ स्कॅन वेगळे जपून ठेवले, आणि संकेतस्थळासाठी कागदाचा रंग एकसारखा करून, रंगांची यादी सोळावर आणून दुसरी प्रत केली. ती त्या दाबलेल्या जेपेगहून लहान भरली. आणि प्रत्येक मुखपृष्ठाखाली अंकाचे नाव, वर्ष, संपादक, चित्रकार आणि अनुक्रमणिका युनिकोडमध्ये टंकून ठेवली. टंकनाचे काम त्या गृहस्थांनीच अंगावर घेतले. पहिला अंक पुरा झाल्यावर त्यांनी शोधाच्या चौकटीत एका विस्मृतीत गेलेल्या कथेचे नाव लिहून पाहिले, आणि ते सापडले.